वर जुनं जाळं, बाजूला तारेची जाळी: परसातल्या कोंबड्या वाचवायच्या कशा?



१ जून ते ३१ जुलै, म्हणजे ६१ दिवस, आपल्या पश्चिम किनाऱ्यावर यांत्रिक बोटींना मासेमारी बंद. होडी वर ओढली, चुडतांनी झाकली, की घरात येणारा रोजचा पैसाही थांबतो. त्या दिवसांत घराला हात देतात त्या दोन गोष्टी: डब्यात भरून ठेवलेली सुकी मासळी आणि परसातल्या कोंबड्या. मुलांच्या ताटात अंडं पडतं, चार अंडी शेजारी विकली जातात, अडीनडीला एखादा कोंबडा विकून वीजबिल भरता येतं. बहुतेक घरांत हा पैसा बाईच्या हातातला असतो. त्याचा हिशोब कुणी मागत नाही आणि तो वेळेला उपयोगी पडतो.

आणि नेमका हाच पैसा एका रात्रीत जातो. संध्याकाळी दहा कोंबड्या आत गेल्या, सकाळी परसात नुसती पिसं. मग कुणी म्हणतं मुंगूस, कुणी म्हणतं कोल्हा, कुणी शेजाऱ्याच्या कुत्र्यावर नाव घेतं. भांडण होतं, कोंबड्या काही परत येत नाहीत.

या लेखात एकच गोष्ट नीट सांगायची आहे. कोंबडी जाते ती बहुतेक वेळा आपण ठेवलेल्या फटीमुळे. आपल्या मच्छीमार घरांत ही फट बरेचदा एकाच वस्तूची असते, ती म्हणजे जुनं जाळं. जाळं घरात फुकट असतं म्हणून आपण त्याने खुराड्याच्या चारही बाजू गुंडाळतो. जाळं ही कामाची वस्तू आहे, पण तिची जागा डोक्यावर. बाजूला आणि खाली तारेचीच जाळी पाहिजे. असं का, ते आता क्रमाने बघू.

आधी चोर ओळखा

दिवसाचे चोर वेगळे, रात्रीचे वेगळे. दोघांसाठी बंदोबस्तही वेगळा.

दिवसा येतात ते मुंगूस, घार, शिक्रा, कावळा आणि घोरपड. रात्री येतात ते उदमांजर, रानमांजर, कोल्हा, घूस आणि उंदीर. डोंगराच्या कुशीतल्या वाड्यांवर अजगर आणि बिबट्यासुद्धा. धामण दिवसा फिरते, नागाला दिवस-रात्र सारखीच. आणि मोकाट कुत्रा तर कुठल्याही वेळी. खरं बोलायचं तर वाडीवस्तीत सगळ्यात जास्त नुकसान कुत्र्यांकडूनच होतं, फक्त नाव मुंगसाचं होतं.

मागे राहिलेल्या खुणा वाचायला शिकलात तर निम्मं काम झालं:

• बऱ्याच कोंबड्या मेलेल्या, इकडे तिकडे पडलेल्या, पण खाल्लेल्या नाहीत: बहुतेक कुत्री. फडफडणारं दिसलं की कुत्रा चावत सुटतो, भूक असो वा नसो.

• मानेवर किंवा डोक्याजवळ चावा, रक्त गेलेलं, धड तसंच: मुंगूस किंवा उदमांजर. एकदा आत शिरल्यावर ही जनावरं एकीवर थांबतीलच असं नाही.

• कोंबडी आतच आहे, पण तिचं डोकं किंवा पाय नाही: बाहेरून जाळीतून पंजा घालून ओढलेलं आहे. जाळीची भोकं मोठी किंवा दांडी जाळीला लागून.

• अंडी गायब, टरफलाचा तुकडासुद्धा नाही: साप किंवा घोरपड. दोघंही अंडं अख्खं गिळतात.

• टरफलं फुटून पडलेली: मुंगूस, कावळा किंवा उंदीर. मुंगूस अंडं दगडावर आपटून फोडतो. कावळा चोचीने भोक पाडतो.

• रात्री रोज एक-दोन पिल्लं कमी, आवाज नाही, रक्त नाही: घूस, उंदीर किंवा साप. खुराड्याच्या तळाशी बीळ आहे का बघा.

• दिवसाढवळ्या पिल्लू उचललं, कोंबडी ओरडत राहिली: घार किंवा शिक्रा.

तरीही खात्री होत नसेल तर एक सोपा उपाय आहे. दिवेलागणीला खुराड्याभोवती दोन हात रुंद बारीक वाळू किंवा चुलीतली राख पसरा आणि हाताने सपाट करा. सकाळी कोंबड्या सोडायच्या आधी बघा. कुत्र्याच्या पावलात नखं उमटतात. मांजराचं पाऊल गोल, नखं दिसत नाहीत. मुंगूस आणि उदमांजर यांची पाच बोटं. घोरपडीच्या पावलांच्या मधून शेपटीची रेघ जाते. सापाची नुसती रेघ, पावलं नाहीत. पाऊस नसेल तर दोन-तीन रात्रींत चोर सापडतो, आणि शेजाऱ्याशी भांडण टळतं.

एक गोष्ट मात्र वेगळी काढा. अंगावर जखम नाही आणि कोंबड्या एकामागून एक मरतायत, हिरवी हगवण, मान वाकडी, तर ते जनावराचं काम नाही. ती राणीखेतची लक्षणं असू शकतात. लगेच जवळच्या सरकारी पशुवैद्यकीय दवाखान्यात कळवा. मेलेले पक्षी खाडीत किंवा ओढ्यात टाकू नका. विहिरीपासून लांब खोल खड्डा काढून, वर चुना टाकून पुरा.

जाळं वर का चालतं?

घार, शिक्रा आणि कावळा वरून येतात. त्यांना तोडफोड करायची नसते, त्यांना फक्त खाली झेपावण्याची मोकळी वाट हवी असते. ती वाट बंद झाली की विषय संपला. इथे जुन्या जाळ्यासारखी स्वस्त आणि हलकी वस्तू दुसरी नाही. वारा आरपार जातो, पाऊस साठत नाही, सावली पाहिजे तिथे वर चार चुडतं टाकता येतात.

पण ते बांधायचीही रीत आहे.

पहिलं, जाळं कुठलं घ्यायचं? जाड पिळाच्या धाग्याचं, डोळ्याला दिसेल असं निळं, हिरवं किंवा काळं. तंगुसाचं बारीक पारदर्शक जाळं नको. तंगूस पक्ष्याला दिसत नाही. घार त्यात अडकते, आपलीच कोंबडी पाय अडकून उलटी लटकते. पिल्लांसाठी डोळा दोन इंचांपेक्षा मोठा नको, नाहीतर कावळा मधून शिरतो.

दुसरं, जाळं ताठ पाहिजे. चार कोपऱ्यांना खांब, मधे बांबूच्या आडव्या काठ्या, उंची सहा-सात फूट, म्हणजे आपल्याला उभं राहून झाडता येतं. झोळ पडलेल्या जाळ्यात पानं साठतात, पावसात ते खाली येतं आणि मग अडकण्याचा धोका वाढतो.

तिसरं, आणि हे सगळ्यात महत्त्वाचं: जाळं लावण्याआधी काठाची दोरी कापून शिशाची सगळी वजनं काढून टाका. कोंबडीला दात नाहीत. दाणा दळण्यासाठी ती बारीक खडे गिळते, आणि शिशाचा तुकडा तिला खड्यासारखाच दिसतो. शिसं पोटात गेलं की कोंबडी खात नाही, अशक्त होते, मरते. जगली तर ते शिसं अंड्यात उतरतं, आणि ते अंडं आपली मुलं खातात. जिथे बसून जाळी विणता, दुरुस्त करता, शिसं लावता, त्या जागेत कोंबड्या फिरू देऊ नका. गळ पडलेले असतील तर तेही गोळा करा.

चौथं, नायलॉनच्या धाग्याची कात्रणं. जाळं दुरुस्त करून झालं की कापलेले तुकडे तिथेच पडतात. कोंबडी ते गांडुळासारखे ओढून गिळते. गळ्याच्या पिशवीत त्यांचा गुंता होतो, दाणा खाली उतरत नाही आणि कोंबडी भरल्या गळ्याने उपाशी मरते. काम झाल्यावर जागा झाडणं हाच उपाय.

आणि एक, उन्हात नायलॉन कुजतं. वर्षभर उन्हात राहिलेलं जाळं दिसायला धड असतं, पण दोन्ही हातांनी ओढलं की फाटतं. दरवर्षी एकदा ओढून बघा.

जाळं बाजूला का चालत नाही?

बाजूने येणारं जनावर दातांनी आणि पंजांनी काम करतं. उंदीर नायलॉन एका रात्रीत कुरतडतो. त्याने बोटाएवढं भोक केलं की पुढच्या रात्री मुंगूस किंवा घूस तेच मोठं करते. कुत्रा दात लावून सरळ फाडतो. उदमांजर वर चढतं आणि जिथे गाठ सुटलेली आहे तिथून आत उतरतं.

साप तर आणखी मोठी अडचण. डोक्याचा भाग डोळ्यातून आत जातो, अंगाचा जाड भाग अडकतो. खवले मागच्या दिशेने असल्यामुळे त्याला मागे सरकता येत नाही. सकाळी अंधुक उजेडात आपली आई किंवा बायको अंडी काढायला हात घालते आणि तिथे जिवंत नाग अडकलेला असतो. कोंबडीपेक्षा माणसाचा जीव मोठा. त्यासाठी तरी जमिनीजवळ जाळं लावू नका, गुंडाळून टाकूनही ठेवू नका.

बाजारात मिळणारी पातळ तारेची षटकोनी जाळीसुद्धा पुरत नाही. ती कोंबडीला आत ठेवते, जनावराला बाहेर ठेवत नाही. तार मऊ असते, कुत्रा ती वाकवतो, आणि भोकातून मुंगसाचा पंजा सहज जातो.

बाजूला लावायची ती अर्ध्या इंचाच्या चौकोनाची, वेल्ड केलेली, जस्ताचा मुलामा असलेली तारेची जाळी. अर्धा इंच का? एक इंचातून लहान उंदीर आणि बारीक साप जातात. अर्ध्या इंचातून मोठा उंदीरही जात नाही, मोठे सापही अडतात.

जाळी लाकडाला नुसत्या खिळ्याने मारू नका. खिळ्याचं डोकं जाळीच्या भोकातून निसटतं. वर लाकडाची पट्टी ठेवून पट्टीसकट खिळे मारा, किंवा वॉशर घालून स्क्रू लावा.

आपल्याकडच्या खाऱ्या वाऱ्याचीही आठवण ठेवा. घाटावर पाच-सात वर्षं टिकणारी जाळी समुद्राकाठी लवकर गंजते, तीही आधी जमिनीजवळच. खालची वीतभर जाळी बोटाने दाबून बघत जा. गंज धरला असेल तर तेवढाच पट्टा वरून नवा लावला तरी चालतो.

इथे बोटमालकांसाठी एक सूचना. घरात होडीच्या तळाला लावायचा रंग उरलेला असतो, तो खुराड्याला लावायचा मोह होतो. तो लावू नका. शेवाळ आणि कालवं धरू नयेत म्हणून त्या रंगात तांब्याचं विष घातलेलं असतं. कोंबड्या लाकडाला चोच मारतात, ते पोटात जातं. लाकडाला साधा चुना लावलात तरी पुष्कळ.

दहा कोंबड्यांचं खुराडं: माप आणि सामान

रात्री झोपायला दहा गावठी कोंबड्यांना चार फूट लांब, तीन फूट रुंद आणि तीन फूट उंच पेटी पुरते. गिरिराज किंवा वनराजा असतील तर पक्षी जड, त्यांना जागा जास्त द्या, म्हणजे एवढ्या पेटीत सात-आठच ठेवा. शिवाय जड पक्ष्याला उंच उडता येत नाही, जनावर आलं तर गावठीसारखं झाडावर जाऊन वाचता येत नाही. म्हणून त्यांना बंदोबस्त जास्त कडक लागतो.

पेटी जमिनीपासून दीड-दोन फूट उंच पायांवर ठेवा. त्याने तीन कामं होतात: पावसाचं पाणी आत येत नाही, खालून बीळ काढून आत येणारे अडतात आणि विष्ठा खाली पडून आतली हवा बरी राहते. पायांभोवती वीतभर रुंद गुळगुळीत पत्रा गुंडाळलात तर उंदरांना चढणं अवघड होतं. पेटी भिंतीला, माडाला किंवा लाकडांच्या ढिगाला चिकटवून ठेवू नका, तो त्यांचा जिना होतो.

हिशोब सोपा आहे. तीन फूट रुंदीची जाळी घेतली तर चारही बाजूंना मिळून १४ फूट आणि तळाला ४ फूट, एकूण १८ फूट लांबी. कोपऱ्यांवर एकावर एक येण्यासाठी दोन फूट जास्त धरा, म्हणजे २० फूट. तळाची जाळी पोकळ राहिली तर कोंबड्यांचं वजन पडून ती खाली येते, म्हणून खाली दोन आडव्या रिपा द्या. छपराला पत्रा किंवा फळ्या. पावसाच्या बाजूला, म्हणजे नैऋत्येला, बाहेरून ताडपत्रीचा पडदा. पण चारही बाजू ताडपत्रीने कोंडू नका. हवा न खेळणाऱ्या खुराड्यात पावसाळ्यात अमोनियाचा वास कोंडतो आणि सर्दी-खोकला सुरू होतो.

बसायची दांडी जाळीपासून वीतभर आत घ्या. कोंबड्या जाळीला टेकून झोपल्या तर बाहेरून पंजा घालणं सोपं.

खुराडं जमिनीवरच असेल, चिऱ्याचं असेल, तर पाया बघा. चिऱ्यांच्या सांध्यात माती असेल तर घूस ती उकरते, तिथे सिमेंट भरा. बाहेरच्या बाजूने दीड-दोन फूट रुंद जाळी जमिनीवर आडवी पसरा, भिंतीला बांधा आणि वर वाळू किंवा चिऱ्याचे तुकडे टाका. उकरणारं जनावर भिंतीच्या अगदी कडेलाच उकरतं. तिथे जाळी लागली की ते दोन फूट मागे जाऊन भुयार काढायला सुरुवात करत नाही. आपल्या पुळणीच्या भुसभुशीत जमिनीत ही झालर खोल गाडण्यापेक्षा बरी, कारण पावसात वाळू सरकली तरी ती डोळ्याला दिसते.

दाराला नुसता सुतळीचा फास किंवा दगड चालणार नाही. कडी-कोयंडा लावा आणि कोयंड्यात लाकडाची खुंटी किंवा गळाच्या दोरीचा हूक अडकवा. दाराखाली फट अर्ध्या इंचापेक्षा कमी पाहिजे.

मासळीचे क्रेट आणि बर्फाची थर्माकोलची पेटी यांच्याबद्दलही सांगतो. क्रेटमध्ये पिल्लं ठेवत असाल तर आतून अर्ध्या इंचाची जाळी लावा, नाहीतर उंदीर भोकातून पिल्लांचे पाय ओढतात. थर्माकोल मात्र कोंबड्यांजवळ नकोच. त्यांना ते टोचून खायला आवडतं आणि ते पचत नाही.

वास हेच आमंत्रण

मच्छीमाराच्या परसात जनावरं जास्त का येतात? कारण वास. सुंगटांची डोकी, मासळीची आतडी, खेकड्यांची कवचं आपण कोंबड्यांना टाकतो. खाद्य म्हणून ते चांगलंच आहे, पैसा वाचतो. पण ते संध्याकाळी टाकलं आणि उरलं की रात्रभर वास सुटतो. वासाला उंदीर येतो, उंदरामागून साप येतो. कावळे आणि कुत्री तर आधीच हजर.

म्हणून चार सवयी लावा:

१. मासळीचं जे काही द्यायचं ते सकाळी द्या, उकडून द्या, आणि एका घमेल्यात द्या. दुपारपर्यंत उरलं ते उचला.

२. खारवलेली मासळी किंवा तिचं पाणी कोंबड्यांना देऊ नका. जास्त मीठ त्यांना सोसत नाही.

३. टाकाऊ मासळीचा खड्डा खुराड्यापासून लांब करा, रोज वर माती टाका.

४. दाण्याचा डबा झाकणाचा ठेवा. रात्री खुराड्यात दाणे उरू देऊ नका.

आपल्या किनाऱ्यावर लाल-तपकिरी अंगाची, पांढऱ्या डोक्याची ब्राह्मणी घार खूप दिसते. तिचा ओढा मासळी आणि खेकड्यांकडे जास्त असतो. साध्या तपकिरी घारीचं आणि शिक्र्याचं तसं नाही, त्यांची नजर पिल्लांवर असते. दोघींनाही मासळीच्या टाकाऊ भागाची सवय आपणच लावतो. होडीवरून उतरवलेली मासळी साफ करण्याची जागा आणि पिल्लं फिरण्याची जागा वेगळी ठेवली की निम्मा त्रास कमी होतो. चकाकणाऱ्या सीडी टांगणं, बुजगावणं उभं करणं याचा उपयोग थोडे दिवस होतो. पक्षी हुशार, आठवड्यात ओळखतात. दर दोन-तीन दिवसांनी जागा बदलली तरच थोडा फरक पडतो.

पिल्लांचे पहिले दीड-दोन महिने

खुडूक कोंबडी दहा-बारा अंड्यांवर बसते, एकविसाव्या दिवशी पिल्लं फुटतात. त्यातली किती वाचतात, ते पुढच्या सहा-आठ आठवड्यांवर ठरतं. बारा पिल्लांतली तीन उरली तर त्या कोंबडीची सगळी मेहनत आणि तिने त्या काळात न घातलेली अंडी, दोन्ही गेली.

पहिले दोन-तीन आठवडे पिल्लं आईसकट झाकलेल्या जागेतच ठेवा. डालग्याखाली ठेवायची जुनी रीत दिवसा चांगली, पण रात्री डालगं पुरत नाही, घूस खालून शिरते आणि कुत्रा ते उलटं करतो. रात्री पेटीतच घ्या. नंतरही दीड-दोन महिन्यांची होईपर्यंत वर जाळं असलेल्या कुंपणातच सोडा. कुंपणात एखादी वाकवलेली फळी किंवा तगराचं झुडूप असू द्या. आईने इशारा दिला की पिल्लांना लपायला जागा लागते.

दार लावणार कोण?

कितीही चांगलं खुराडं बांधलं तरी ते एका गोष्टीवर टिकून आहे: संध्याकाळी दार लागलं की नाही. आणि आपल्या घरांत इथेच घोळ होतो. मोसमात पुरुष पहाटे समुद्रावर जातात, बायका मासळी घेऊन बाजारात जातात, परत यायला काळोख होतो. कोंबड्या सांजवेळी आपणहून आत जाऊन बसतात, दार मात्र उघडंच राहतं. प्रत्येकाला वाटतं, दुसऱ्याने लावलं असेल.

म्हणून घरात एकाचं नाव ठरवा. आजी-आजोबा असतील तर उत्तम, शाळेतली पोरगी-पोरगा असेल तरी चालेल. काम तीनच: मोजायच्या, दार लावायचं, खुंटी घालायची. मोजायचं कारण असं की एक कमी असेल तर ती कुठेतरी अंड्यावर बसलेली असते किंवा झाडावर गेलेली असते, आणि काळोख पडायच्या आत ती शोधता येते. घरात कुणीच नसेल तर शेजारणीशी बोलून ठेवा. एकमेकींच्या खुराड्याचं दार लावणं हे दोन मिनिटांचं काम आहे.

सकाळी पूर्ण उजाडल्याशिवाय सोडू नका. पहाटेच्या अंधुक उजेडात कोल्हा आणि कुत्री फिरत असतात.

विष, फास आणि विजेची तार: बिलकुल नको

राग येतो, हे खरं आहे. पण उंदराचं किंवा शेतीचं विष मासळीत घालून ठेवणं म्हणजे स्वतःच्या घरात विष ठेवणं. ते कोंबडी खाते, शेजारचं मांजर खातं, कधी लहान मूल हात लावतं. विष खाल्लेला उंदीर कोंबडीने टोचला तरी ती मरू शकते. कुंपणाला विजेची तार सोडल्यावर त्यात माणूस जातो. असे मृत्यू झालेले आहेत आणि तार लावणाऱ्यावर गुन्हा दाखल होतो.

मुंगूस, घोरपड, उदमांजर, रानमांजर, कोल्हा, अजगर, धामण, नाग या सगळ्यांना १९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्याचं संरक्षण आहे. त्यांना मारणं, फास लावणं, पकडून ठेवणं हा गुन्हा आहे. घोरपड, अजगर आणि बिबट्या तर कायद्याच्या पहिल्याच अनुसूचीत येतात, तिथे तुरुंगवास होतो. कोंबडीच्या नुकसानीपायी कोर्टाच्या फेऱ्या कोण मारणार? शिवाय धामण आणि मुंगूस आपल्या परसातले उंदीर, घुशी खातात. ते गेले की उंदीर वाढतात, आणि ते उंदीर आपली जाळी कुरतडतात.

खुराड्यात साप दिसला तर काठी घेऊ नका. कोंबड्या दुसऱ्या दाराने सोडा, लांब उभं राहून नजर ठेवा आणि वनखातं किंवा ओळखीच्या प्रशिक्षित सर्पमित्राला बोलवा. बिबट्याचा वावर असेल तर रात्री एकट्याने परसात जाऊ नका, कोंबड्यांचा आवाज आला तरी आधी दिवा लावा, घरातूनच आवाज करा, आणि वनखात्याला कळवा.

मोकाट कुत्र्यांच्या बाबतीतही मारहाण किंवा विष हा मार्ग नाही, कायदाही परवानगी देत नाही. पंचायत किंवा पालिकेकडे नसबंदी आणि रेबीजच्या लसीसाठी सगळ्या वाड्याने मिळून लेखी अर्ज द्या. एका घराच्या तोंडी तक्रारीपेक्षा वीस घरांच्या सह्यांना वजन असतं.

होडी वर ओढली की खुराडं बघा

मे अखेरीला होडी वर येते, जाळी धुऊन वाळत पडतात, हातोडी-खिळे बाहेर असतात. त्याच आठवड्यात एक दिवस खुराड्याला द्या. पाऊस सुरू झाला की बिळांत पाणी भरतं, उंदीर आणि साप कोरडी जागा शोधत घराजवळ येतात, आणि तेव्हा ओल्या लाकडावर काम करता येत नाही.

त्या दिवशी एवढं तपासा:

• खालची जाळी गंजली आहे का? बोटाने दाबून बघा.
• अर्ध्या इंचापेक्षा मोठी फट कुठे आहे का? सगळे कोपरे, दाराची चौकट, छपराखालची जागा. जिथे तुमचा अंगठा आत जातो, तिथे उंदीर जातो.
• वरचं जाळं हाताने ओढून बघा. फाटलं तर बदला.
• जाळ्याला शिसं, गळ राहिलेत का?
• बाजूला किंवा जमिनीवर जाळं बांधलेलं असेल तर आजच काढा.
• भोवतालचं गवत, लाकडांचा ढीग, पडकी टोपली दहा फूट लांब न्या.
• दार कोण लावणार, ते घरात ठरवा.

सगळं एकदम करायला जमलं नाही तरी हरकत नाही. आज संध्याकाळी दाराला खुंटी घाला. रविवारी बाजूचं जाळं सोडवून वर बांधा. हातात पैसे आले की २० फूट तारेची जाळी आणा.

हा मजकूर घरात जी कोंबड्या सांभाळते, तिला आधी वाचून दाखवा, आणि आपल्या वाड्यावरच्या गटात पाठवा. तुमच्याकडे कुठलं जनावर त्रास देतं आणि कुठल्या उपायाने ते थांबलं, ते इथे लिहा. गाव-वाड्याचं नाव लिहिलंत तर शेजारच्या गावाला उपयोग होईल.